घुसखोर कोण, हे ठरवायचं कशावरून?

बेकायदा स्थलांतराचा आपल्याकडचा वाद आकड्यापासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच अडकतो. जुलै २००४ मध्ये तेव्हाचे केंद्रीय गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत सांगितलं, की ३१ डिसेंबर २००१ रोजी देशात १,२०,५३,९५० बांगलादेशी बेकायदा राहत होते. थोड्याच दिवसांत, ही माहिती ऐकीव आहे, तिच्यावर विसंबता येणार नाही, असा खुलासा त्यांनाच करावा लागला. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेव्हाचे गृहराज्यमंत्री किरेन रिजिजू यांनी संसदेत दिलेला अंदाज सुमारे २ कोटींचा होता. २००१ च्या जनगणनेत मात्र आपलं आधीचं वास्तव्य बांगलादेशात होतं, असं सांगणारे सुमारे ३१ लाख निघाले, आणि त्यात फाळणीनंतर आलेली, कायद्याने भारतीय झालेली म्हातारी माणसंही होती. लपून राहणारा माणूस जनगणनेत खरं सांगणार नाही, हेही उघड आहे. म्हणजे ३१ लाखही खरा नाही आणि २ कोटींनाही आधार नाही.

म्हणून आधी संख्येचं नाही, पुराव्याचं बोलायला हवं. जन्मनोंद, नाव आणि पत्ता यांच्या ज्या ढिसाळपणामुळे बाहेरून आलेला माणूस कागदोपत्री भारतीय होतो, त्याच ढिसाळपणामुळे इथलाच माणूस कागदोपत्री परका ठरतो. घुसखोरीबद्दल ज्यांना चीड आहे त्यांनी आणि निरपराधांना त्रास होतो म्हणून जे हळहळतात त्यांनी, दोघांनीही याच जागी बोट ठेवलं पाहिजे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे तीन कालखंड आहेत. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस भारतीय, आईवडील कुठलेही असोत (परदेशी राजदूतांची मुलं वगैरे अपवाद सोडून). १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्म असेल तर आईवडिलांपैकी एक तरी भारतीय हवा. त्यानंतरच्या जन्मासाठी दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

वाचायला हे सोपं वाटतं. आता एक मुलगा घ्या, जन्म मार्च २००७. त्याचा जन्मदाखला आहे, पण तेवढ्याने भागत नाही. वडील १९८५ चे, त्यांचा जन्म भारतातला एवढं दाखवलं की झालं. आई १९८९ ची. तिचा जन्म भारतातला आणि शिवाय तिच्या आईवडिलांपैकी एक भारतीय, हे दोन्ही दाखवावं लागतं. म्हणजे पाळी आली आजोबांच्या जन्मनोंदीवर, समजा १९६२ च्या. त्यावर मुलाचं आईवडिलांशी आणि आईचं आजोबांशी नातं जोडणारा कागद वेगळाच. या एका पोराचं नागरिकत्व तीन पिढ्यांच्या कागदांवर उभं राहतं, आणि एक कडी सुटली की सगळंच लोंबकळतं.

१९६२ ची नोंद मिळते का? जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरचा कायदा १९६९ चा. त्याआधी आपल्याकडे गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. कुणबी नोंदींच्या शोधात न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने ही बुकं साऱ्या महाराष्ट्राने पाहिली: मोडीतली अक्षरं, वाळवीने खाल्लेली पानं, आणि बाळाचं नाव न घालता नुसतं 'अमक्याला मुलगा झाला' अशा नोंदी. ज्यांना त्या काळी गावच नव्हतं, त्या भटक्या-विमुक्तांच्या नावे यातही बऱ्याचदा काही नसतं.

मग आधार घेतला जातो शाळेच्या दाखल्याचा. पहिलीत नाव घालताना पालकांना तारीख सांगता आली नाही तर गुरुजींनी १ जून लावायची, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. जन्म खरोखर ऑक्टोबर १९८७ चा आणि दाखल्यावर १ जून १९८७, असं झालं तर काय? दाखल्याप्रमाणे माणूस १ जुलैच्या अलीकडे पडतो, त्याला आईवडिलांचे कागद लागतच नाहीत. ग्रामपंचायतीच्या नोंदीप्रमाणे तो पलीकडे पडतो आणि लागतात. दोन कागद दोन नियम लावतात, आणि दोन्ही सरकारीच.

आता हातातल्या कार्डांविषयी. आधार कायद्याच्या कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. पॅन करासाठी असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हेच सांगितलं, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कुणी भारतीय ठरत नाही. मग ठरतं कशाने? अमुक कागद म्हणजे नागरिकत्वाचा निर्णायक पुरावा, अशी यादी नागरिकत्व कायद्यात कुठेच नाही. कार्ड दाखवून 'बघा, हा भारतीय' म्हणणारेही चुकतात आणि कार्ड नाही म्हणून 'बघा, हा बांगलादेशी' म्हणणारेही.

खोटा माणूस खऱ्या कागदांपर्यंत पोचतो तो पहिल्याच पायरीवर. एकदा कुणा अधिकाऱ्याच्या सहीचं रहिवासाचं पत्र किंवा उशिरा नोंदवलेला जन्मदाखला हातात आला की पुढचा प्रत्येक कागद आधीच्या कागदावर निघतो आणि तो बनावट नसतो, असली असतो. म्हणून तपासणीच्या वेळी कार्ड खरं की खोटं एवढंच बघून काही निष्पन्न होत नाही. सर्वांत जुना कागद कोणता आणि तो कशाच्या जोरावर निघाला, हे बघावं लागतं. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. एक वर्ष उलटलं तर आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीने हे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलं. लोकांची सोय झाली, पण साक्षीपुरावा तपासायची सवय मागे पडली. मालेगावातल्या उशिरा दिलेल्या दाखल्यांवरून ओरड झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. तपास व्हायलाच हवा. पण उशिरा नोंद करणाऱ्यांत घरी बाळंतपण झालेल्या बायका, ऊसतोडीला गेलेली जोडपी, पारध्यांची पालं हेही असतात, आणि सरसकट दाखले थांबवले की फटका आधी यांनाच बसतो.

सिद्ध कोणी करायचं, हा यातला सगळ्यांत जड प्रश्न. फौजदारी खटल्यात गुन्हा सरकार सिद्ध करतं. इथे उलट आहे: मी परदेशी नाही, हे त्या माणसाने दाखवायचं. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात हे होतं आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्यातही आहे. आसामपुरता १९८३ चा आयएमडीटी कायदा (बेकायदा स्थलांतरित ठरवण्यासाठीचा) हा भार तक्रारदारावर टाकत होता. सर्वोच्च न्यायालयाने तो जुलै २००५ मध्ये रद्द केला. आपला जन्म कुठे झाला हे ज्याचं त्यालाच जास्त ठाऊक, या युक्तिवादात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण ११ जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला. नुसत्या संशयावर कुणालाही 'सिद्ध कर' म्हणता येणार नाही, हाताशी काहीतरी ठोस असायला हवं, आणि कागदांतल्या नावाच्या स्पेलिंगचे किरकोळ फरक जिवावर बेतता कामा नयेत, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल प्रत्येक पोलीस ठाण्यात वाचून दाखवण्यासारखा आहे.

आसामात हे सगळं प्रत्यक्षात उतरलं. राष्ट्रीय नागरिक नोंदवहीच्या (एनआरसी) ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीसाठी अर्ज केलेले लोक ३,३०,२७,६६१, आत ३,११,२१,००४, बाहेर १९,०६,६५७. मुख्य निकष होता २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपर्यंतच्या मतदार याद्यांत किंवा १९५१ च्या नोंदवहीत स्वतःचं अथवा पूर्वजांचं नाव. अडचण पूर्वज सापडण्यात कमी आणि त्यांच्याशी नातं जोडण्यात जास्त आली, विशेषतः बायकांना. लग्न लवकर झालेलं, शाळा नाही, आणि मतदार यादीत नाव येतं ते थेट नवऱ्याच्या घरी. लाखो बायकांकडे माहेरचा दुवा म्हणून फक्त गावपंचायत सचिवाचा दाखला होता. गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो नाकारला. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर चालवून घेतला.

हे आपल्यापासून लांबचं नाही. आपल्याकडे सुमन गणपत जाधव लग्नानंतर आशा रामचंद्र मोरे होते. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही बदलतात. लग्न नोंदवलेलं नाही, राजपत्रात काही छापलेलं नाही. कागदावर या दोन वेगळ्या बायका आहेत.

पकडल्यावर काय होतं? पोलीस कागद मागतात, माणूस सांगतो त्या राज्यातल्या जिल्ह्याकडे पडताळणीसाठी पाठवतात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या मे २०२५ च्या सूचनांप्रमाणे त्या जिल्ह्याने ३० दिवसांत कळवायचं. नाही कळवलं तर हद्दपारीकडे पुढची पावलं. खरी गोम इथे आहे. उत्तर न येणं हा त्या माणसाचा दोष नसतो. घरी त्याचं हाकेचं नाव एक आणि कागदावरचं भलतंच, ही बंगालीत सर्रास पद्धत. ठाण्यातून फोनवर चुकीचं नाव गेलं की गावातून 'असा कुणी नाही' असं उत्तर येतं. भाषेवरून ओळखू म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत बंगाली मातृभाषा असलेले ९.७२ कोटी भारतीय होते, आणि मुर्शिदाबाद, मालद्याची बोली नदीपलीकडच्या बांगलादेशी बोलीहून फारशी वेगळी नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपार ढकलले गेले आणि नंतर त्यांना परत आणावं लागलं. दिल्लीत पकडलेली बीरभूमची एक गरोदर बाई परत यायला डिसेंबर २०२५ उजाडला.

आणि जे खरोखर परदेशी ठरले त्यांचं? समोरच्या देशाने 'हा आमचा' म्हटल्याशिवाय रीतसर हद्दपारी होत नाही. आसामच्या मटिया इथल्या स्थानबद्धता शिबिरातले ६३ परदेशी घोषित लोक परत का पाठवले नाहीत, असं फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारलं तेव्हा सरकारचं उत्तर होतं, त्यांचे तिकडचे पत्ते माहीत नाहीत. मुहूर्ताची वाट बघताय का, असं न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सुनावलं.

समाजावरच्या परिणामांत मजुरीचा मुद्दा मला सगळ्यांत खरा वाटतो. ज्याला पकडलं जायची भीती आहे तो मुकादमाने पैसे बुडवले तरी कामगार आयुक्तांकडे जात नाही, अपघात झाला तर भरपाई मागत नाही. त्यामुळे तो स्वस्त पडतो आणि नाक्यावर शेजारी उभ्या असलेल्या बिगाऱ्याचा दर पाडतो. ही तक्रार खरी आहे, तिला द्वेष म्हणून झटकू नये. पण धाड पडते झोपडीवर. हजेरीपट न ठेवणारा ठेकेदार दुसऱ्या दिवशी नवीन माणसं आणतो. हजेरीपट, बँकेतून मजुरी आणि विमा यांची तपासणी नेमाने झाली, तर कागद नसलेला माणूस ठेवण्यातला फायदाच संपतो. नुसत्या कुंपणाने भागणार नाही: बांगलादेशच्या सीमेवर ४,०९६ किलोमीटरपैकी २०२५ च्या सुरुवातीला सुमारे ३,२३२ किलोमीटर कुंपण झालं होतं; नद्या आणि दलदलीमुळे काही भागात ते होणारच नाही.

आपल्यापुरतं करण्यासारखं बरंच आहे. आईवडिलांच्या शाळेतून प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा काढा, त्यावर जन्मस्थळ असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना १४ ची प्रमाणित प्रत मागा. आईचं माहेरचं आणि सासरचं नाव एकाच कागदावर येईल असं काहीतरी करा: विवाह नोंदणी, राजपत्र, किंवा आजोबांच्या वारसनोंदीचा फेरफार, ज्यात विवाहित मुलींची नावं लागतात. नोटीस आलीच तर संशयाचं कारण लेखी मागा, दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या आणि तारीख चुकवू नका. आसामात १९८५ ते फेब्रुवारी २०१९ या काळात ६३,९५९ लोक गैरहजेरीतच परदेशी ठरवले गेले. परदेशी कोण हे ठरवणाऱ्या तिथल्या न्यायाधिकरणांत नुसता दाखला पुरत नाही, तो देणाऱ्या मुख्याध्यापकाला येऊन नोंदवही दाखवावी लागते. म्हणून शाळा बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली असेल, तर तिच्या नोंदवह्या आता कुणाच्या ताब्यात आहेत, हे आजच विचारून ठेवा.