नव्व्याण्णव अर्जदार आणि एक खरेदीदार: जॉर्ज क्रोगनच्या मागावर पाच दिवस

दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरीची तीस वर्षं काढल्यामुळे मला कुठेही नेलं तरी मी आधी जमीन कुणाच्या नावावर आहे ते विचारतो. फिलाडेल्फियाजवळ मुलीकडे राहायला गेलो होतो. ती म्हणाली, "बाबा, नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, आता तुम्हीच सांगा कुठे जायचं." मी जॉर्ज क्रोगनचं नाव घेतलं. तिने ते कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकायचं काही कारणही नव्हतं.

हा आयर्लंडचा माणूस १७४१ मध्ये पेनसिल्व्हेनियात आला. बाकीचे व्यापारी मूळनिवासींची वाट बघत ठाण्यावर बसायचे. हा कापड, बंदुकीची दारू, भांडी आणि रम घोड्यांवर लादून थेट त्यांच्या गावात जायचा आणि हरणांची कातडी घेऊन परतायचा. त्यांच्या भाषा बोलायचा. माल मात्र सगळा फिलाडेल्फियाच्या पेढ्यांकडून उधारीवर. पुढची चाळीस वर्षं हेच चाललं: उधारी, जमीन, जमिनीवर पुन्हा उधारी.

सुरुवात शेवटापासून केली, कारण तो शेवट घराजवळच होता. थर्ड आणि पाईन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर सेंट पीटर्स चर्च आहे. इमारत १७६१ ची. आपल्याला हे साल पानिपतामुळे पाठ. क्रोगन ३१ ऑगस्ट १७८२ रोजी वारला आणि त्याला इथल्याच आवारात पुरलं. तासभर दगड वाचत फिरलो, त्याच्या नावाचा काही सापडला नाही. आवार सुंदर आहे, झाडं जुनी, प्रवेश फुकट. या भागात गाडी लावायला जागा मिळणं कठीण, तेव्हा बसने किंवा पायी जा.

दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनिया टर्नपाईकने पश्चिमेला निघालो. या रस्त्यावर रोख टोल घेत नाहीत. गाडी भाड्याची असेल तर टोलची काय व्यवस्था आहे ते आधी विचारून घ्या. आम्ही विचारलं नाही, आणि टोलपेक्षा त्यावरचं शुल्कच जास्त भरलं. फोर्ट लिटलटनला उतरून ५२२ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला गेलं की शर्लीज्बर्ग हे चिमुकलं गाव लागतं. पूर्वीचं हे ऑगविक. फ्रेंचांनी ओहायोकडचा व्यापार बुडवल्यावर सावकारांचा ससेमिरा चुकवायला क्रोगन इथे येऊन राहिला. कर्ज थकलं की सरळ तुरुंग, असा तो काळ. १७५५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा करून त्याला आणि त्याच्या भागीदाराला कर्जासाठी अटक होण्यापासून दहा वर्षं अभय दिलं, कारण सरहद्दीवर तो हवाच होता. त्याने इथे जो किल्ला उभारला, त्याच्या जागी पेन स्टेट विद्यापीठाच्या उत्खननात अरबी अक्षरं असलेलं तांब्याचं ताईतासारखं पदक सापडलं. ते इथवर कुणाच्या गळ्यातून आलं असेल, या विचारात माझे पुढचे दोन तास गेले. बघायला म्हणून इथे माहितीची पाटी आणि शेतं, एवढंच. मुलगी गाडीतून उतरली नाही.

पिट्सबर्गबद्दल थोडक्यात: दोन नद्या मिळून ओहायो होते तो संगम बघा. शेजारचं १७६४ चं दगडी ब्लॉक हाऊस फुकट आहे, फोर्ट पिट संग्रहालयाला तिकीट आहे. मला तिथे उभं राहायचं होतं ते एका खरेदीखतासाठी. १७४९ मध्ये इरोक्वॉय या मूळनिवासी जमातींच्या संघाच्या तीन प्रमुखांकडून क्रोगनने याच परिसरातली दोन लाख एकर जमीन लिहून घेतली. पण पेनसिल्व्हेनियात मूळनिवासींकडून जमीन घ्यायचा हक्क फक्त वसाहतीच्या मालकांचा, पेन घराण्याचा, म्हणजे व्यवहार तिथेच रद्दबातल. मग ही जमीन पेनसिल्व्हेनियात येतच नाही, हे सिद्ध करायची त्याची धडपड सुरू झाली, ती आयुष्यभर. गावाची हद्द सरकवून प्लॉट विकणारे मी पाहिले आहेत. वसाहतीची हद्द सरकवू पाहणारा हाच पहिला.

पिट्सबर्गहून न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावापर्यंत सहा-सात तास लागतात. सकाळी लवकर निघा, अंधार पडला की रस्त्यावर हरणं येतात. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून निभावलं. शाकाहारी असाल तर वाटेतल्या पंपांवर चिप्स सोडून फारसं काही नाही.

रोमच्या ऐन मध्यवस्तीत फोर्ट स्टॅनविक्स आहे. मूळ किल्ला गेला, १९७० च्या दशकात तो लाकडात नव्याने बांधला. राष्ट्रीय स्मारक आहे, प्रवेश फुकट, पण हिवाळ्यात जाणार असाल तर उघडण्याचे दिवस तपासा. इथे किमान तीन तास ठेवा. १७६८ च्या शरद ऋतूत इथे तीन हजारांहून जास्त मूळनिवासी जमले होते. ब्रिटिश राजाचा प्रतिनिधी सर विल्यम जॉन्सन, आणि क्रोगन त्याचा उपप्रतिनिधी. ५ नोव्हेंबरला करार झाला. माल आणि रोख मिळून दहा हजार पौंडांच्या वर रक्कम, आणि त्या बदल्यात ओहायोच्या दक्षिणेचा प्रचंड मुलूख. लिहून देणारे इरोक्वॉय. त्या जमिनीवर राहणारे, शिकार करणारे शॉनी आणि डेलावेअर, या वेगळ्याच जमाती. कब्जेदार एक, सही दुसऱ्याची. आमच्या कार्यालयात असा दस्त आला असता तर मी परत पाठवला असता. म्हणजे, पाठवायला हवा होता असं म्हणू. तीस वर्षांत सगळेच पाठवले असा दावा नाही. याच बैठकीत क्रोगनने आपलं दोन लाख एकरांचं खतही इरोक्वॉयांकडून पक्कं करून घेतलं. सरकारी पगारावर बसून स्वतःचा दस्त!

तरी माणूस नुसता लबाड नव्हता. १७६५ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या पाँटियॅक या मूळनिवासी प्रमुखाशी तह जुळवायला निघाला असताना वाबॅश नदीच्या बाजूला किकापू आणि मॅस्कूटन टोळीने त्याच्यावर हल्ला केला. बरोबरचे काही मारले गेले, याच्या डोक्यात कुऱ्हाड बसली. नंतर त्याने लिहिलं की कवटी जाड असल्यामुळे कुऱ्हाड आत गेली नाही, जाड कवटीचाही कधीकधी उपयोग होतो. आणि पुढे जाऊन तहाची बोलणी केलीच.

रोमहून दीड तासावर कूपर्सटाऊन. लोक तिथे बेसबॉलच्या संग्रहालयासाठी जातात. जुलै अखेरीला सन्मान सोहळा असतो, तेव्हा खोल्या मिळत नाहीत. उन्हाळ्यात गाडी गावाबाहेरच्या तळावर लावून ट्रॉलीने आत या. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो. गर्दी नाही, डोंगर तांबडेपिवळे. वाटेत फोनला रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

ओत्सेगो तळ्याच्या टोकाशी सस्क्वेहाना नदी उगम पावते. रिव्हर स्ट्रीटच्या शेवटी पायऱ्या उतरून गेलं की पाण्यात कौन्सिल रॉक दिसतो. पायऱ्या ओल्या असतात, सांभाळून. या तळ्याभोवतीचे एक लाख एकर क्रोगनने १७६९ मध्ये मिळवले. नियमाप्रमाणे एका माणसाला हजार एकरच मिळायचे. म्हणून अर्जावर क्रोगन आणि आणखी नव्व्याण्णव नावं. पट्टा मिळताच त्या सगळ्यांनी आपला वाटा त्याच्या नावे करून दिला. मी पायरीवर बसून हसत सुटलो तेव्हा मुलीने विचारलं, काय झालं. म्हटलं, अगं, हे आपलंच आहे. सीलिंगच्या वेळी गडी, मेहुणा, शाळेत जाणारं पोर, सगळ्यांच्या नावे शेतं झाली होती ना, तसंच.

त्याने इथे घर बांधलं, जमीन गहाण टाकली, आणि अमेरिकेच्या क्रांतियुद्धात दोन्ही बाजूंनी संशयित ठरला. त्याच्या मृत्यूनंतर, १७८६ मध्ये, जप्तीच्या लिलावात ओत्सेगोचा मोठा तुकडा विल्यम कूपरने घेतला. गावाला नाव मिळालं ते त्याचं.

मेन स्ट्रीटवरून पूल ओलांडला की मूळनिवासींच्या अस्थींवरचा एक मातीचा उंचवटा आहे. त्यावरच्या शिलालेखात त्यांच्या तोंडून गोऱ्या माणसाला म्हटलंय की ही विस्तीर्ण भूमी आमची होती, आता तुमची आहे, आणि थडग्यापुरती जागा मित्रांनी आम्हाला परत दिली. तिथे गाडी उभी करायला जागा नाही. अलीकडे लावा आणि चालत जा.