ग्रीस संपलेल्या बेअरिंगचा आवाज

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बावीस वर्षं काढलीत. मशीन कुठं दुखतंय ते डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. म्हणूनच मार्चमधल्या एका सकाळी तिसरी पाळी संपवून पाचगावला घरी आलो आणि परड्यातनं खर्र-खर्र-खट असा आवाज आला, तेव्हा मी सरळ पाण्याच्या मोटारीकडं गेलो. ग्रीस संपलेलं बेअरिंग असंच कोरडं वाजतं. मोटार बंद होती. आवाज वर उंबरातनं येत होता.

मान वर करून उभा राहिलो तोवर त्याच फांदीवरनं एकदम गोड, ठेक्यात तीन सूर आले, को-की-ला. मला वाटलं वर दोन पाखरं आहेत. मग पानाआडनं एकच उडालं. तपकिरी अंग, पाठीमागं लांबलचक शेपूट. पंख जोरात फडफडवायचे, मग थोडं तरंगायचं, परत फडफड, असं वरखाली होत शेजाऱ्यांच्या आंब्यात गेलं.

आई पायरीवर शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "भारद्वाज हाय त्यो. सकाळच्या पारी दिसला, चांगलं हुतंय बघ."

आईचा शब्द म्हणून दोन दिवस मीही भारद्वाजच धरून चाललो. पण मनातनं जाईना. भारद्वाज आमच्याकडं कुंपणाच्या कडेनं जमिनीवर चालत येतो, जड अंगानं, आणि त्याचा आवाज खोल, हुप-हुप-हुप. हा कधी खाली उतरतच नव्हता. फांद्याफांद्यांतनं उड्या मारायचा. रंगाचं म्हणाल तर दोघांत तपकिरी आणि काळा आहे, पण जागा उलट्या. भारद्वाजाचं अंग काळं आणि पंख विटकरी. याचं अंग दालचिनीच्या रंगाचं, डोकं आणि गळा काजळी धरल्यासारखा, काळ्या पंखावर राखाडी-पांढरा पट्टा, आणि राखी शेपटीचं टोक काळं. उडताना तो पट्टा लांबनंही चमकतो.

खरं जवळनं बघायला मिळालं ते वाईट दिवशी. जास्वंदीत लालबुड्या बुलबुलाचं घरटं होतं, त्यात तीन पिल्लं. आई रोज लांबनं बघून यायची. एका सकाळी बुलबुलांचा कालवा ऐकून मी बाहेर आलो तर हा भिंतीवर, माझ्यापासनं सात-आठ फुटांवर. पिल्लू एका पायाखाली दाबून धरलेलं आणि चोचीनं तोडत होता. त्या पायाकडं माझी नजर गेली. तीन बोटं पुढं, एक मागं. चोच आखूड, जाड, टोकाला वाकलेली, आणि तिच्या मुळाशी नाकपुड्यांवर बारीक राठ केस. पायाखाली दाबून खायची ही तऱ्हा मी आयुष्यभर बघत आलोय, कावळ्याची. रंग, शेपूट, गळा काहीच कावळ्याचं नाही, पण बसणं, मान तिरकी करून माझ्याकडं बघणं, सगळं कावळ्याचं.

आईनं त्याला हुसकलं. पण घरट्यात काही उरलं नव्हतं. ती दिवसभर बोलली नाही. मलाही वाईट वाटलं, आणि तरी त्या पाखराचा राग मात्र आला नाही. त्याच्याकडंही खाणारी तोंडं असतील.

सुट्टीच्या दिवशी करवीर नगर वाचन मंदिरात गेलो. १८५० सालापासनं चालू असलेलं वाचनालय, तिथं पक्ष्यांचं पुस्तक मिळणारच. चित्र बघताक्षणी ओळखलं. टकाचोर. सरळ कावळ्याच्या कुळातला. अंग साळुंकीएवढंच, पण शेपूट एक फुटाची, म्हणजे चोचीपासनं शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ ५० सेंटिमीटर. लांबीला गावकावळ्यापेक्षा जास्त, वजनाला मात्र शे-सव्वाशे ग्रॅम. सह्याद्रीत दक्षिणेकडं याचा एक भाऊबंद असतो, पांढऱ्या पोटाचा. त्याची मान आणि पोट पांढरंशुभ्र, म्हणून आपल्या परड्यातला तो नव्हे हे लगेच ठरलं. शास्त्रीय नाव डेन्ड्रोसिट्टा व्हॅगाबुंडा, त्यातल्या व्हॅगाबुंडाचा अर्थ भटक्या. फळं, किडे, पाली, अंडी, पिल्लं, सगळं खातो. जंगलात सांबराच्या अंगावर बसून गोचिड्या वेचतो आणि सांबरं त्यासाठी शांत उभी राहतात, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. घरी येऊन पहिलं आईला तेच सांगितलं.

भारद्वाजाची गंमत मात्र आईला पटता पटेना. आमच्याकडं म्हातारी माणसं त्याला कुंभारकावळा म्हणतात, आणि तो कोकिळेच्या कुळातला. ज्याच्या नावात कावळा आहे तो कावळा नाही आणि ज्याच्या नावात चोर आहे तो कावळ्याचा सख्खा. मी तिला बोटांचंही सांगितलं. भारद्वाजाची दोन पुढं, दोन मागं, कोकिळेसारखी. ती म्हणाली, "मग माझं डोळं चुकलं." मी म्हटलं, आई, तपकिरी रंग आणि लांब शेपूट एवढं बघितलं तर कुणीही चुकेल. पाय आणि चोच बघायची, आणि कान लावायचा.

नाव कळल्यापासनं तो मला सगळीकडं दिसायला लागलाय. विद्यापीठाच्या आवारातल्या झाडांत ऐकला, कात्यायनीच्या वाटेवर कोतवाल पक्ष्यांच्या जोडीनं किडे टिपताना बघितला. इतकी वर्षं तो तिथं होताच.

काल संध्याकाळी परड्यात दोघं आले. एकाच्या चोचीत काटेरी काडी होती आणि ते ओढ्याकडच्या बाभळीत शिरले. उद्यापासनं माझी पहिली पाळी, सकाळी सातला मशीनवर. त्यामुळं बाभळीवर नजर ठेवायचं काम आईनं घेतलंय. जास्वंदीत बुलबुलांनी परत काड्या आणायला सुरुवात केलीय, तिकडंही तीच बघणार आहे.