उंच केलेल्या जिप्सीचे शॉकअप

सातारा एमआयडीसीजवळच्या माझ्या गॅरेजमध्ये ती जिप्सी आली, तेव्हा तिच्या मागच्या भागात निकामी शॉकअपचे, म्हणजे चाकांचे हेलकावे जिरवणाऱ्या नळकांड्यांचे, एक पोतेच होते. मालक चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीची कामे घेतात. माणसे, हत्यारे आणि केबलची बंडले घेऊन ही गाडी ठोसेघरच्या पुढे सड्यावरच्या कच्च्या वाटांनी रोज फिरते. पावसाळ्यात त्या वाटांवर जांभ्याचा लाल राडा असतो आणि उन्हाळ्यात त्याच राड्याचे दगडासारखे टणक उंचवटे होतात. गाडीचे पोट त्यांवर घासू नये म्हणून मालकांनी परगावच्या एका कारागिराकडून ती उंच करून घेतली होती. लांब शॅकल (पाट्यांचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दुवा), स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांच्या संचात एक जादा पाटा आणि मोठे, जड टायर असे ते काम होते. तेव्हापासून मागचे शॉकअप टिकेनासे झाले होते.

"मिस्त्री, आता बाजारातले सगळ्यांत महागडे टाका, पण परत गळता कामा नयेत," असे म्हणून त्यांनी पोते माझ्यापुढे ठेवले. महागडे टाकण्याचा उपाय त्यांनी स्वतःच करून पाहिलेला होता. आधी मूळ मापाचे, मग त्याच मापाचे अधिक दणकट आणि शेवटी लांब दांड्याचे, गॅस भरलेले, अशा क्रमाने त्यांचा खर्च वाढत गेला होता. मी नवीन शॉकअप मागवायला नकार दिला आणि गाडी दिवसभरासाठी ठेवून घेतली.

पहिले काम पोत्यातल्या शॉकअपना बोलते करण्याचे होते. तेल गळून ते मेले एवढेच मालकांना दिसत होते, परंतु तेल गळणे हा शेवट असतो, कारण नव्हे. आम्ही ते लेथवर कापले. गॅसचा शॉकअप थेट कापणे धोक्याचे असल्यामुळे, आधी कापड गुंडाळून आणि बारीक भोक पाडून त्यातला दाब सोडून दिला. कापल्यावर जे दिसले, ते पाहून माझा सहकारीही थबकला. मूळ मापाच्या शॉकअपमध्ये पिस्टनचा वरचा काठ ठेचला गेला होता, दांडा ज्यातून बाहेर येतो त्या वरच्या मार्गदर्शकाच्या खालच्या अंगाला तशीच ठेच होती आणि एकाचा खालचा डोळा, म्हणजे बोल्टचे कडे, वेल्डिंगपाशी फाटला होता. लांब शॉकअपमध्ये मात्र वरचा भाग शाबूत होता. त्यांच्या तळाचा व्हॉल्व्ह चेपला होता आणि दांड्याला बाक आला होता. पहिले शॉकअप ताणून मेले होते आणि नंतरचे दाबून. एकाच गाडीत, एकाच जागी, दोन उलट कारणांनी मरणाऱ्या वस्तूंचा दर्जा तपासून काही हाती लागणार नव्हते.

शॉकअपचे काम चाकाची हालचाल मंदावण्याचे असते, ती थांबवण्याचे नसते. चाक वर येताना त्याला बंप रबराने, म्हणजे अडसर म्हणून बसवलेल्या रबरी ठोकळ्याने, थांबवावे आणि चाक खाली लोंबताना पाट्यांनी किंवा एखाद्या पट्ट्याने थांबवावे, अशी अपेक्षा असते. कारखान्यातून आलेल्या गाडीत ही सगळी मापे एकमेकांशी जुळवलेली असतात. गाडी उंच केली की चासी (गाडीचा सांगाडा) आणि ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) यांमधले अंतर वाढते, परंतु बंप रबर जिथल्या तिथे राहते आणि शॉकअपच्या वरच्या-खालच्या बैठकाही तिथेच राहतात. मूळ मापाचा शॉकअप अशा गाडीत उभ्या जागीच बराचसा उघडलेला असतो. चाक खड्ड्यात उतरले, की दावे संपल्यावर बैलाच्या मानेला हिसका बसावा तसा संपूर्ण ॲक्सल आणि जड टायर यांचा हिसका त्याच्या दांड्याला बसतो. यावर उपाय म्हणून लांब शॉकअप घातला तर तो उघडतो जास्त, पण बंद झाल्यावरही त्याची लांबी जास्तच राहते. मग बंप रबर पूर्ण दबण्याआधीच तो पूर्ण मिटतो आणि माणसांनी भरलेली गाडी त्याच्या दांड्यावर आदळते.

आता याला आकड्यांचा आधार हवा होता. गाडी घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या लोखंडी स्टँडवर, घेतली, मागची चाके आणि शॉकअप काढले, आणि शॉकअपच्या वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंतचे अंतर हेच दिवसभराचे माप ठरवले. लोंबण्याचे माप पाटे पूर्ण असतानाच घ्यावे लागते, कारण पाटे काढले की ॲक्सल वाजवीपेक्षा जास्त खाली जातो. दोन्ही बाजू मोकळ्या सोडल्यावर अंतर ५६० मिलिमीटर आले. मग डावी बाजू जॅकने वर दाबून उजवी मोकळी सोडली, तर उजवीकडे ते ५९० भरले. ही तिरकी अवस्था बहुतेक ठिकाणी मोजलीच जात नाही, आणि पठारावर तर गाडी सतत त्याच अवस्थेत असते. त्यानंतर मुख्य पाटा तेवढा ठेवून बाकीचे पाटे उतरवले, म्हणजे गाडी न उचलता जॅकने ॲक्सल शेवटपर्यंत वर नेता येतो. बंप रबर पूर्ण दबल्यावर अंतर ३४० होते. गाडीवरचा लांब शॉकअप ३५५ वर बंद होत होता आणि ५७५ वर संपत होता. खाली १५ मिलिमीटर, वरही १५ मिलिमीटर, दोन्ही टोकांना शॉकअपच अडसर होता. चाकाचा प्रवास २५० मिलिमीटरचा आणि शॉकअपची धाव २२०, हे गणित कोणत्याही किमतीच्या शॉकअपने सुटणारे नव्हते.

मोजताना आणखी एक दोष सापडला. उजवीकडची खालची बैठक उंची वाढवताना नव्याने वेल्डिंग करून लावली होती आणि ती डोळ्यांना जेमतेम कळेल इतकी तिरकी होती. त्यामुळे डोळ्यातला रबरी बुश सरळ न बसता आडवा दाबला जात होता, दांड्यावर आडवा जोर येत होता, आणि दांड्याभोवती तेल रोखणारे सील एकाच बाजूने झिजत होते. उजवीकडचा शॉकअप नेहमी डावीकडच्या आधी का गळत असे, याचा उलगडा त्या दांड्याच्या एकाच अंगाला आलेल्या चकाकीने झाला. त्यात भर म्हणजे धूळरोधक रबरी आवरण फाटलेले होते. दांड्यावर वाळलेला जांभ्याचा गाळ सीलला पॉलिश पेपरसारखा घासतो.

उपाय मालकांना आवडला नाही. बंप रबराखाली ३० मिलिमीटरचा लोखंडी ठोकळा घातला, म्हणजे ते पूर्ण दबले तरी अंतर ३७० च्या खाली जाणार नाही. लोंबण्यासाठी प्रत्येक बाजूला चासीपासून ॲक्सलच्या हाउसिंगपर्यंत नायलॉनचा अनेक पदरी पट्टा लावला. पट्टा ताणाखाली थोडा लांबतो हे धरून तो इतका आखूड घेतला, की हिसक्यातही अंतर ५६० च्या पुढे जाऊ नये. तिरकी बैठक कापून सरळ लावली. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळले, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते.

"एवढे पैसे घालून चाकाचा प्रवास वाढवला आणि तुम्ही तो परत कमी केला," अशी त्यांची तक्रार होती. ती खरीच होती. २५० पैकी १९० मिलिमीटर उरले होते. परंतु कमी केलेल्या भागाचा त्यांना कधी उपयोग झालाच नव्हता, तो शॉकअप तोडण्यातच खर्च होत होता. एखादे चाक क्षणभर हवेत राहिले तर सड्यावर सावकाश चालणाऱ्या गाडीचे काही बिघडत नाही. गाडी उंच करण्याचे काम मी स्वतः घेत नाही, हेही त्यांना त्याच वेळी सांगितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणाऱ्या बदलांना बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती ठामपणे उचलून धरली आहे. लांब शॅकलबद्दल तर माझे मत मुळातच बरे नाही. शॅकल जितकी लांबवावी त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते आणि त्या बदल्यात गाडी आडवी डुलू लागते. मूळ शॅकल परत लावण्याचा सल्ला त्यांनी ऐकून घेतला, पण मानला नाही.

नवीन शॉकअप मध्यम किमतीचेच घेतले, आधीच्या लांब जोडीच्याच मापाचे. आवरण थोडे वर सरकवून प्रत्येक दांड्यावर प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधली आणि पाच माणसे व हत्यारे भरून गाडी पठारावर नेली. शॉकअप मिटताना नळी टायला वर ढकलते, त्यामुळे दांडा किती आत गेला होता याची खूण आपोआप राहते. परतल्यावर टायच्या वर १३ मिलिमीटर दांडा कोरा होता, म्हणजे बंप रबर आपले काम करत होते. नळ्यांना हात लावून पाहिले, तर दोन्ही सारख्याच गरम होत्या. काम करणारा शॉकअप तापतो आणि जोडीतला एक गार राहिला तर तो मेलेला असतो, हे पठारावरच्या चालकांनाही त्या दिवशी दाखवून ठेवले.

पुढच्या बाजूचे शॉकअप कधी गेले नव्हते, म्हणून मालक तिकडे मोजायला तयार नव्हते. मी आग्रहाने मोजले. तिथे बंप रबर व्यवस्थित टेकत होते, पण चाक पूर्ण लोंबल्यावर ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) ताणून सरळ होत होता. शॉकअप शाबूत होते, ते होजने अडवल्यामुळे. तिथे लांब होज टाकला, पुढेही पट्टे लावले आणि मगच गाडी सोडली.