पाहुणे गेले, आता काय बघता?

मार्च-एप्रिलच्या सकाळी सोलापूरच्या विजापूर रस्त्यावरच्या स्मृती उद्यानात गळ्यात दुर्बीण दिसली, की फिरायला आलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "थंडी संपली, पाहुणे पक्षी गेले. आता काय बघता हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, निघालेले पाहुणे बघतो. सगळे एका दिवशी थोडेच जातात! दिवस मोठा होऊ लागला की त्यांच्या अंगात निघायची घाई शिरते. मग नुसती खा-खा. साठलेली चरबी हीच वाटेतली शिदोरी. आणि गंमत अशी की हिवाळाभर मळकट दिसलेले हे पक्षी निघायच्या वेळेलाच सर्वांत देखणे होतात.

भोरडी, म्हणजे गुलाबी मैना बघा. ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन माळ्यावर चढणाऱ्या शेतकऱ्याला तिची ओळख करून द्यायला नको. हिवाळ्यात तिचा गुलाबी रंग धुरकट असतो, कारण पिसांची टोकं करडी-तपकिरी असतात. ती महिनोन्‌महिने झिजत जातात आणि खालचा गुलाबी उघडा पडतो. एकही नवं पीस न उगवता पक्षी नवा होतो! पांगारा, काटेसावर फुलली की मधासाठी थवेच्या थवे उतरतात, तेव्हा कपाळाला पराग फासलेले असतात. इथून त्या मध्य आशियाकडे जातात. तिथे टोळ-नाकतोडे भरपूर असतील तिथे घरटी करतात. चीनच्या शिंजियांगमध्ये भोरड्या टोळ खातात म्हणून लोक त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. आपण गोफण मारतो, ते घर बांधून देतात. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, कणीस त्याचं आहे. पण किडे ही भोरडी इथेही खाते, एवढं त्याच्या कानावर घालतो.

पिवळा धोबी मात्र खरोखरच कपडे बदलतो. जानेवारीत संभाजी तलावाच्या काठी शेपटी हलवत फिरणारे बहुतेक धोबी फिकट, एकसारखे. मार्चपासून नवी पिसं येतात आणि पोट हळदीसारखं पिवळं होतं. नराच्या डोक्यावरून तर त्याची उपजातही कळायला लागते: कुणाचं काळं, कुणाचं राखाडी, कुणाचं निळसर आणि त्यावर पांढरी भुवई. पुस्तक उघडून खात्री करून घेण्याचे हेच दिवस.

बदकं बहुतेक आधीच गेलेली असतात. रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, वेगळं आहे. उजनीचं पाणी ओसरून चिखल उघडा पडतो तेव्हाच त्यांची चंगळ, त्यामुळे उन्हाळ्यातही ते तिथे भेटतात.

तुम्हाला यायचं असेल तर आठच्या आत या. नंतर सोलापूरचं ऊन पक्ष्यांनाही सोसत नाही, आपल्यालाही नाही. दुर्बीण माझी आहेच. उंबर, पिंपळ कुठे पिकलाय तेवढं येता-येता बघून ठेवा, भोरड्या तिथेच सापडतील.