कमी उडालेलं विमान स्वस्त पडतं का?

चार हौशी मंडळी मिळून जुनं सेस्ना १५२ बघायला गेली की बोलणं रंग, सीट आणि रेडिओवरच फिरत राहतं. आधी लॉगबुक, म्हणजे विमानाच्या नोंदींची वही, मागा. ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण खोलून नव्याने जोडल्यावर) ते फक्त ३०० तास चाललंय हे ऐकायला गोड लागतं, पण ते ३०० तास दहा वर्षांत झाले असतील तर मी हात आखडता घेईन. या विमानातल्या लायकमिंग ओ-२३५ इंजिनाला पुढच्या ओव्हरहॉलसाठी कंपनीने २,४०० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते, असं सांगितलंय. वर्षांची अट विकणारा सहसा काढत नाही.

नाशिकच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात उभं विमान आतून गंजतं. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) क्रँकशाफ्टच्या, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर असतो. इंजिन थांबलं की तेल ओघळून खाली जातं, कॅम कोरडा पडतो आणि दमट हवेने त्यावर गंजाचे ठिपके धरतात. पुढे इंजिन सुरू केलं की हेच ठिपके टॅपेटला, म्हणजे कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाला, कानशीसारखे घासतात. 'दर आठवड्याला स्टार्ट करून ठेवतो' यावर समाधान मानू नका. तेल ७५ अंशांच्या वर तासभर राहिलं तरच त्यातलं पाणी उडून जातं आणि त्यासाठी विमान उडवावंच लागतं. जमिनीवर दहा मिनिटं चालवून उलट पाणी साचतं.

सिलिंडर उतरवल्याशिवाय कॅम नीट दिसत नाही, आणि तेवढं करू देणारा मालक विरळा. मग ऑइल फिल्टर कापून घ्या. कागदाच्या घड्या उलगडा, पेट्रोलने धुवा, तळाला बसलेल्या कणांजवळ लोहचुंबक न्या. चिकटले तर लोखंड, म्हणजे बहुधा कॅम किंवा टॅपेट. चकाकतात पण चिकटत नाहीत ते बहुतेक ॲल्युमिनियमचे.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतो ते, गरम इंजिनावरच तपासा. प्रत्येक सिलिंडरला ८० पौंड (दर चौरस इंचाला) दाब दिल्यावर ७० च्या पुढे टिकला तर छान, ६० च्या खाली गेला तर कारण शोधायलाच हवं. आकड्याइतकाच आवाज महत्त्वाचा. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बुरेटरकडून आली तर इनटेक, तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा गळतायत. प्रोपेलर एकाने घट्ट धरून ठेवायचा, नाहीतर दाबाने तो अचानक फिरतो आणि हात मोडतो.

पुढच्या चाकामागच्या फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर) सुरकुत्या किंवा रिव्हेटभोवती धुरासारखे काळे डाग दिसले, तर विमान बहुधा कधीतरी नाकावर आपटलंय. प्रोपेलर कुठे लागल्याची नोंद असेल तर त्यानंतर इंजिन पूर्ण उघडून तपासल्याची नोंदही हवी. तपासणीचा एएमई (विमान देखभालीचा परवानाधारक इंजिनियर) तुमचा असावा, त्या विमानाची देखभाल करणारा नको.

नाशिकचा ओझर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. मे महिन्यात ४० अंशांना तिथली हवा पाच हजार फुटांवर असावी तशी विरळ लागते, आणि ११० अश्वशक्तीचं हे विमान तेव्हा फार सावकाश चढतं. म्हणून चाचणी उड्डाण भल्या पहाटे न करता दुपारी करा, दोघं बसून, टाक्या भरून. त्याआधी ताजा वजनाचा अहवाल बघा. पूर्ण भाराची मर्यादा ७५७ किलो आहे, आणि नव्या रंगाने व जादा रेडिओंनी त्यातले किती किलो खाल्ले ते त्याच कागदावर कळतं.