तुम्ही विचारलंत म्हणून: पंख मिटलेलं फुलपाखरू का?

माझी गोधडी उलगडली की बायका हटकून विचारतात, ‘फुलपाखरू म्हटलं की पंख पसरलेलं. तुमचं असं पंख मिटून, बाजूनं का बसलंय?’

कारण ते हळदीकुंकू आहे. इंग्रजीत कॉमन जेझबेल. आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे गणपतीची चवथ सरून ऊन पडू लागलं की घाणेरीच्या फुलांवर ही फुलपाखरं दिसतात. वरून बघाल तर पांढऱ्यावर काळ्या रेघा, बस्स. खरा साज पंखांच्या खालच्या बाजूला: मागचा पंख पिवळाधमक, कडेला लाल ठिपक्यांची ओळ आणि सगळीकडून काळ्या शिरा. बसलं की पंख मिटतं, म्हणून आपल्याला दिसते तीच बाजू. अळ्या वाढतात आंब्यावरच्या बांडगुळावर, आणि हा भडकपणा म्हणजे पक्ष्यांना ताकीद असते की मला तोंडात धरू नका. आता सांगा, ते पसरून शिवलं तर त्याचं काय उरलं? तयार नमुन्यांत बहुतेक फुलपाखरं पसरलेलीच असतात. मला ती पेटीत टाचून ठेवल्यासारखी वाटतात.

शिवायचं कसं, हेही विचारता, तर आधी पंखांचा क्रम बघा. मिटलेल्या फुलपाखराचा मागचा पंख पुढच्यावर चढलेला असतो. म्हणून पांढरा पुढचा पंख आधी बसवायचा, पिवळा त्याच्यावर. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा साचा कापते, कापड त्याहून पाव इंच जास्त ठेवते. त्या जास्तीच्या कडेला पेजेची निवळ बोटानं लावायची, साच्यावर दुमडून गरम इस्त्री फिरवायची आणि साचा काढून घ्यायचा. कड अशी ताठ राहते की तुरपाई करताना सुई आपोआप वळण घेते. बाहेर फुगलेल्या वळणावर आधी बारीक धावदोरा घालून ओढून घ्या, नाहीतर चुण्या कोपऱ्यासारख्या टोचून दिसतात.

शिरांसाठी काळ्या कापडाच्या पट्ट्या लावू नका, पंख जड होतो. दोन पदरी काळ्या धाग्यानं दांडी टाका घाला, अंगापासून कडेकडे. आणि लाल कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघितल्याशिवाय पिवळ्याजवळ नेऊ नका. लाल रंग उतरला की पिवळ्याची वाट लागते.

गोधडायच्या वेळी मी आमच्या सीमेपलीकडच्या, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची रीत धरते. त्यांच्यातल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. त्यांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, कडेपासून सुरू होते आणि धावदोरा फिरत फिरत मध्याकडे जातो. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावल्याशिवाय ती पुरी होत नाही. माझ्या गोधडीच्या कोपऱ्यांवरची फुलं तिथली. फुलपाखरांना ती हवीतच.

पसरलेल्या पंखांचंही एक आहे माझ्याकडे, नीलवंत. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू केलं तेच. आपल्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, लिंबाच्या झाडांवर अंडी घालतं. हे फुलावर आलं तरी पंख फडफडवतच राहतं, त्यामुळे त्याची वरची बाजूच डोळ्यांत भरते: काळा पुढचा पंख, मागच्यावर राखेची झाक असलेला निळा पट्टा, पट्ट्यात काळे ठिपके. त्याला मात्र डावी-उजवी बाजू सारखी लागते. कापड सुलट बाजू आत ठेवून दुमडा आणि दोन्ही पंख एकदमच कापा. वेगवेगळे कापले तर दोन्ही एकाच बाजूचे निघतात. निळ्यासाठी नवं कापड घेऊ नका. बऱ्याच धुण्यांनी विटलेल्या निळ्या लुगड्याचा पदर असेल तर तोच रंग बरोबर जुळतो.