तुम्ही विचारलंत म्हणून: सिकलसेलच्या जीनमधली चूक ठाऊक आहे, मग दुरुस्ती का नाही?

हा प्रश्न मला ओपीडीत आया विचारतात, व्याख्यान संपल्यावर विद्यार्थी विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काकाही विचारतात. सर्वांत नेमका विचारला तो गडचिरोलीकडच्या एका बापानं. "मॅडम, चूक कुठं हाय ते मालूम हाय म्हनता, तं दुरुस्त काऊन नाही करत?"

मी सिकलसेलवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजारावर, काम करते. सुरुवात बालरोगतज्ज्ञ म्हणून झाली, पुढे प्रयोगशाळेत शिरले, आणि आता जीन थेरपीच्या कामात आहे. त्यामुळे उत्तर देणं माझ्यावर येतंच. पंगतीत मी "चाललंय काम" म्हणते आणि मठ्ठा मागवते. इथे जरा बैजवार सांगते.

चूक खरंच ठाऊक आहे, आणि फार आधीपासून. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की सिकलसेलच्या रुग्णाच्या हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा असतो. पुढच्या सात-आठ वर्षांत केंब्रिजला व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन बसलेलं असतं. डीएनएच्या अक्षरांत पाहिलं तर एका 'ए'च्या जागी 'टी', बाकी सगळं जिथल्या तिथे. नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली ती 1958 साली. म्हणजे आपल्या भागात हा आजार आहे हे वैद्यकाच्या दफ्तरी लागलं, तेव्हा त्यातला दोष जगाला आधीच कळलेला होता.

मग अडलं कुठे? अडलं ते पेशीत. तांबड्या पेशीत डीएनए नसतोच. बोनमॅरोतून, म्हणजे हाडांतल्या मज्जेतून, बाहेर पडण्याआधी ती आपलं केंद्रक टाकून देते. शिवाय ती अल्पायुषी. निरोगी पेशी साधारण 120 दिवस जगते, सिकलसेलची कशीबशी 10 ते 20. तिच्यावर मेहनत करून उपयोग नाही. जे करायचं ते मॅरोतल्या मूळपेशींत, ज्या जन्मभर रक्त बनवतात. या पेशी मोजक्या असतात आणि बहुतेक वेळ स्वस्थ पडून असतात, विभाजन क्वचितच. क्रिस्पर या जीन-संपादनाच्या तंत्राची कात्री डीएनए हव्या त्या जागी कापते हे खरं, पण कापल्यावर पुढचं काय ते पेशी ठरवते. स्वस्थ पेशी दोन टोकं घाईघाईनं जोडून मोकळी होते, त्या गडबडीत चार अक्षरं गाळते किंवा घुसवते. बरोबर नमुना समोर ठेवून त्याबरहुकूम दुरुस्ती करण्याची सोय तिच्यात आहे, पण ती मुख्यतः विभाजनाच्या वेळी चालते. थोडक्यात, मूळपेशीतला जीन मोडणं सोपं आणि दुरुस्त करणं कठीण. अमेरिकेत थेट दुरुस्तीची एक चाचणी सुरू झाली होती. पहिल्याच रुग्णाच्या रक्तपेशी बराच काळ वर येईनात, आणि 2023 मध्ये ती थांबवावी लागली.

तेव्हा लोकांनी प्रश्न उलटा केला: मोडल्यानं फायदाच होईल असं काही आहे का? त्याचा धागा 1948 सालचा आहे. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी पाहिलं की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या वाकणाऱ्या पेशी फारच थोड्या असतात. कारण पोटातलं बाळ वेगळं हिमोग्लोबिन वापरतं, एफ नावाचं. त्यात बीटा साखळीच नसते, त्यामुळे तिच्यातल्या चुकीचा प्रश्नच येत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत एफ ओसरतं, मोठ्यांचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं, आणि मग हातापायांची बोटं सुजलेलं, अखंड रडणारं बाळ घेऊन आई दवाखान्यात येते. हे निरीक्षण रेणूशास्त्रज्ञांचं नव्हे, बाळं तपासणाऱ्या डॉक्टरचं होतं. याचा मला, आमच्या जमातीतली म्हणून, बारीकसा अभिमान आहे.

माझी वाटही एफमुळेच वळली. लाल कार्डवाली, म्हणजे सिकलसेलचा आजार असलेली, दोन मुलं, गाव एक, आजार एक. एक सारखं भरती होतंय, दर पावसाळ्यात रक्त चढवावं लागतंय. दुसरं शाळेच्या मैदानावर धावतंय. दोघांचा एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट शेजारी ठेवला की धावणाऱ्याचं एफ बहुतेक वेळा जास्त निघायचं. बहुतेक वेळा, नेहमी नाही. आणि त्या 'नेहमी नाही'नं मला ओपीडीतून उचलून प्रयोगशाळेत नेलं. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या आणि ओडिशातल्या रुग्णांच्या अभ्यासांवरून भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं पाठ्यपुस्तकांत रूढ झालं होतं. एफ जास्त म्हणून त्रास कमी. ज्यानं नागपूरच्या वॉर्डात एक रात्र काढली आहे तो हे वाक्य निमूट वाचू शकत नाही. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांच्या नोंदी छापल्या तेव्हा दिसलं की एफ चांगलं असूनही कितीतरी मुलांना आजार जबर असतो. त्यांनीच पुढे हायड्रॉक्सीयुरिया वजनाच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही मुलांना उपयोगी पडतं हे चाचणीनं दाखवलं. ही गोळी एफ वाढवते. 1995 च्या अमेरिकन चाचणीत तिनं प्रौढ रुग्णांच्या तीव्र दुखण्याचे झटके निम्म्याच्या जवळपास आणले होते. जीन थेरपीवर बोलायला बोलावतात आणि मी या स्वस्तातल्या गोळीवरच अर्धा वेळ घालवते, म्हणून आयोजक नाराज होतात. होवोत.

एफ बंद कोण करतं हे मात्र फार उशिरा कळलं. 2007-08 मध्ये हजारो लोकांचे जीन ताडून पाहताना बीसीएल11ए या जीनकडे बोट गेलं. बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेनं सिद्ध केलं की एफला दाबून ठेवणारा हाच. 2011 मध्ये त्यांनी सिकलसेलच्या उंदरांत तो तांबड्या पेशींपुरता बंद केला आणि उंदीर सुधारले. पण हा जीन इतर पेशींना लागतो, सरसकट मोडून चालत नाही. 2013 मध्ये त्याचं फक्त तांबड्या पेशींत चालणारं बटण सापडलं, आणि कात्रीला हवी होती ती जागा मिळाली. तिथे घाईघाईची जोडणीही चालते, कारण मोडायचंच असतं. त्यावर बेतलेल्या कॅसजेवी या उपचाराला ब्रिटननं नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेनं डिसेंबरात मान्यता दिली. चाचणीत पुरेसा काळ पाहिलेल्या 30 पैकी 29 जणांना सलग किमान वर्षभर एकही तीव्र झटका आला नाही.

आणि ती मूळ चूक? ती त्या 29 जणांच्या डीएनएत जिथल्या तिथे आहे. तिला कुणी हातही लावलेला नाही.

आता 'कधी मिळणार' हे. अमेरिकेत 2023 मध्ये या उपचाराची किंमत 22 लाख डॉलर जाहीर झाली, म्हणजे तेव्हाच्या 18 कोटी रुपयांच्या घरात. बातम्या इथेच थांबतात. मला पुढचं जास्त छळतं. आधी आठवडेच्या आठवडे रक्त बदलत राहायचं. मग इंजेक्शन देऊन मूळपेशी रक्तात उतरवायच्या आणि यंत्रानं गोळा करायच्या. नेहमीचं स्वस्त इंजेक्शन सिकलसेलमध्ये जिवावर बेतू शकतं, म्हणून प्लेरिक्साफॉर हे दुसरं औषध लागतं. एका खेपेत पुरेशा पेशी निघतीलच असं नाही. त्या कारखान्यात जातात, महिन्यांनी परततात. त्या परत शरीरात सोडण्याआधी रुग्णाला बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन जुना मॅरो रिकामा करायचा. त्यानं पुढे मूल होण्याची शक्यता जाऊ शकते. सतरा वर्षांच्या मुलीच्या आईला हे सांगताना जीन, कात्री, नोबेल सगळं बाजूला पडतं. त्यानंतर कित्येक आठवडे निर्जंतुक खोली, प्लेटलेट्स, ताप. चंद्रपूर-गडचिरोलीहून आलेल्या कुटुंबानं तेवढे दिवस शहरात कुठे राहायचं आणि मजुरी कुणी भरून द्यायची, हे कुठल्याच शोधनिबंधात नसतं.

तरी मी निराश नाही, आणि याला कारणं आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. आलोक श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्या पाच जणांच्या मूळपेशींत जीन घालून त्या परत दिल्या. त्यांचा रक्तस्राव थांबल्याचा निबंध डिसेंबर 2024 मध्ये आला. मूळपेशी काढणं, बदलणं, मॅरो रिकामा करणं, हे सगळं इथे जमतं हे त्यानं दाखवलं. नोव्हेंबर 2025 मध्ये सिकलसेलसाठी दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जीनोम-संशोधन संस्थेत घडलेला क्रिस्पर उपचार 'बिरसा 101' या नावानं जाहीर झाला आणि उत्पादनासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. किंमत यामुळे उतरेल. बुसल्फान उतरणार नाही. त्यासाठी शरीराबाहेर पेशी न काढता, आतल्या आतच बदल करण्याची वाट शोधावी लागेल, आणि ती अजून प्रयोगशाळेत आहे.

खरीखुरी दुरुस्तीही अगदीच दूर नाही. डीएनए न कापता एक अक्षर बदलणारी बेस एडिटिंगची साधनं आली आहेत. गंमत म्हणजे त्यांनाही 'टी'चा 'ए' करता येत नाही. ती 'टी'चा 'सी' करतात, त्यामुळे व्हॅलिनच्या जागी अॅलॅनिन येतं आणि मकासार नावाचं हिमोग्लोबिन तयार होतं. ते काही माणसांत निसर्गतःच सापडतं आणि पेशी वाकवत नाही. 2021 मध्ये उंदरांत हे जमलं.

माझा सध्याचा दिवस मात्र वेगळ्याच कामात जातो. कात्रीला जागा दाखवणारा आरएनएचा तुकडा एका नमुना-जीनोमवरून बेततात. आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत असा एक बदल सापडला आहे, की त्यामुळे बीसीएल11एसाठी बनवलेली कात्री भलत्या ठिकाणीही चालू शकते. गोंड, माडिया, पावरा, महार कुटुंबांत असे कोणते बदल आहेत हे आधी पाहायला हवं. त्यासाठी रक्ताचे नमुने हवेत, आणि नमुने देणाऱ्यांना कशासाठी ते नीट सांगायला हवं. पुढच्या महिन्यात त्यासाठीच गडचिरोलीतल्या भामरागडला निघाले आहे.